९० दिवस किंवा ४००० मैल

मे १९५५. न्यू जर्सीतल्या एकाने बायकोला 'मदर्स डे'ची भेट म्हणून क्रायस्लरची नवी प्लायमाउथ घेतली. दहाच दिवसांत, ४६८ मैलांवर, ती चालवत असताना स्टिअरिंग हातात गरकन फिरलं आणि गाडी भिंतीवर आदळली. वॉरंटी काय, तर ९० दिवस किंवा ४००० मैलांपर्यंत सदोष पार्ट बदलून देऊ, बस्स! दुखापतीचं नाव नाही. बरं, दुसरीकडे जावं तर फोर्ड आणि जनरल मोटर्सचाही तोच छापील मजकूर. १९६० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच धरलं: ग्राहकाला घासाघीस करायला जागाच नव्हती, म्हणून ती अट रद्द. गाडी इतकी चेपली होती की कुठला पार्ट गेला हे सांगताच येईना, तरी बाई जिंकल्या! आपल्याकडे सर्व्हिस सेंटरवाला आधी विचारतो, "साहेब, गाडी चालवली कशी?"