दरबारी हुक्क्याचे काचपात्र

आपल्या इतिहासलेखनात तरवारी, तोफा व गडकोट यांना जितके स्थान मिळाले, तितके दरबारातील नित्याच्या वस्तूंना मिळाले नाही. वस्तुतः माणसामाणसांतील उच्चनीचभाव अशा वस्तूच अधिक स्पष्टपणे सांगतात. हुक्क्याचे काचपात्र ही त्यांपैकीच एक वस्तू होय.

तंबाखू मूळची अमेरिकेतील. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली व दक्षिणेत रुजली. अकबराचा वकील असदबेग १६०४ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाही दरबारी गेला असता, पूर्वी कधी न पाहिलेली ही वस्तू त्याला तेथे आढळली. रत्नजडित नळीसह ती त्याने आग्र्यास बादशहापुढे ठेवली. अकबराने दोनतीन झुरके घेतले. परंतु हकिमाने हे अपरिचित द्रव्य म्हणून हरकत घेतली. बादशहाने ते व्यसन जवळ केले नाही. सरदारांनी मात्र केले. जहांगिराने १६१७ साली घातलेली बंदीही निष्फळ ठरली.

हुक्क्याची रचना साधी आहे. वर चिलीम, तीत गुडाखू व निखारे. खाली पाण्याचे भांडे. आणि भांड्यातून तोंडापर्यंत आलेली नळी. झुरका घेताच धूर पाण्यातून बुडबुड्यांसह वर येतो. त्या आवाजावरूनच आपल्या भाषेत ‘गुडगुडी’ हा शब्द आला. गरिबाच्या गुडगुडीला नारळाची करवंटी पुरे. दरबारात त्याच भांड्यावर कारागिरांचे सारे कसब खर्ची पडले. मराठी मुलखाला लागून असलेल्या बिदर येथे काळ्या धातूवर चांदीची वेलबुट्टी उमटवीत. त्याहून नाजूक काम काचेचे. निळी वा हिरवी काच फुंकून तिचे भांडे करीत व तिजवर सोन्याच्या मुलाम्याने फुले रेखीत. आरंभीची भांडी गोल असत. ती कापडाच्या कड्यावर ठेवावी लागत. अठराव्या शतकात बुडाशी रुंद, घंटेच्या आकाराची भांडी प्रचारात आली. पुढे विलायतेतील कारखानेही हिंदुस्थानासाठी पैलूदार काचेची भांडी घडवू लागले. काच ठिसूळ, म्हणून फारच थोडी शिल्लक राहिली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांतील काही पाहावयास मिळतात.

या पात्राचे खरे मोल काचेत नव्हते, मानात होते. हुक्का भरण्यास व सांभाळण्यास स्वतंत्र हुक्केबरदार असे. कंपनीच्या इंग्रजांनीही ही रीत उचलली. वॉरन हेस्टिंग्जच्या घरच्या १७७९ मधील एका मेजवानीच्या निमंत्रणात, पाहुण्यांनी हुक्केबरदाराखेरीज अन्य नोकर आणू नये, अशी विनंती होती!

दरबारी मानाचीच दुसरी बाजू गावकीत दिसते. उत्तरेकडे ज्याच्याशी एक हुक्का ओढावयाचा, तो आपला. ज्याचे ‘हुक्कापाणी बंद’, तो जातीबाहेर. आपल्याकडे यालाच वाळीत टाकणे म्हणतात. पेटल्या चुलीला विस्तव न देणे, लग्नकार्यास न बोलावणे, प्रेताला खांदा न देणे, ही त्याची रूपे. एका भांड्याने मान देता येतो, तसा माणूस तोडताही येतो, हा या इतिहासाचा बोध आहे. महाराष्ट्राने २०१६ च्या अधिनियमाने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविला. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ज्ञातिसंस्थेच्या अंकात हे आवर्जून नमूद करणे मी कर्तव्य समजतो. ज्ञाती माणसे जोडण्यासाठी आहे. तोडण्याचा अधिकार तिला नाही.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि शिरवण्यासारखी आपली खाडीकाठची गावे नव्या शहरात सामावली. त्या शहरी जीवनाबरोबर रंगीत काचेचा हुक्का तरुणांपुढे पुन्हा आला. शासनाने २०१८ साली कायदा करून हुक्कागृहांना मनाई केली. पाण्यातून आलेला धूर निरुपद्रवी होतो, हा समज खोटा आहे. पाणी धुराला गार करते, त्यातील विष हरण करीत नाही. अकबराच्या हकिमाची शंका चारशे वर्षांनी वैद्यकाने खरी ठरविली.

म्हणून तरुण बंधुभगिनींना एवढेच सांगणे की, हे काचपात्र संग्रहालयात अवश्य पाहावे, अनाम कारागिरांचे कौतुक करावे. पण ते आपल्या बैठकीत आणू नये, आणि त्याच्या पाठीमागचा बहिष्काराचा अहंकार तर मुळीच आणू नये.