वाचकाने विचारलेला प्रश्न

समलिंगी प्रेम हा विषय मराठी साहित्यात अगदी अलीकडे, परदेशी वाऱ्याबरोबर शिरला, असे आमच्या पिढीतील पुष्कळांचे मत आहे. बरीच वर्षे ते आमचेही होते. जुने कागद चाळू लागल्यावर मात्र ते टिकले नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचकांनी शंका विचाराव्यात आणि संपादकांनी शास्त्राच्या आधारे उत्तरे द्यावीत, असा त्यात परिपाठ होता. अशाच काही उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांची बाजू न्यायालयात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, दंड झाला. तरी कर्व्यांनी मासिक १९५३ मध्ये देहावसान होईपर्यंत चालविले. कर्वे आणि आंबेडकर यांच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. आम्हांला अधिक कुतूहल वाटते ते प्रश्न विचारणाऱ्या त्या अनाम वाचकाचे. घरच्यांच्या नजरा चुकवून त्याने ते पत्र लिहिले असेल, टपालात टाकले असेल आणि उत्तर छापून येईपर्यंतचे दिवस मोजले असतील.

पुढे १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. स्वातंत्र्यपूर्व काळातील पुणे, महाविद्यालयीन मंडळी, आणि एका मुलीवर जीव जडलेली सुमित्रा देव ऊर्फ मित्रा. ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. आम्ही नाटक वाचले ते पुस्तकरूपाने. खरे सांगायचे तर पहिल्या वाचनात आम्हांला मित्राचा रागच आला. ही मुलगी इतकी ताठ का वागते, चार जणींसारखी नमते का घेत नाही, असे वाटले. आमची सहानुभूती सगळी बापूकडे. तो भला, मित्रासाठी धावपळ करणारा, तिचे सर्व ऐकून घेणारा. गोष्टही तोच सांगतो. कित्येक वर्षांनी पुन्हा वाचताना शीर्षकावर अडखळलो. ‘मित्राची’ म्हणजे कोणाची? मित्रा नावाच्या मुलीची, की तिच्या या मित्राची? ऐकून घेणारा तो बापू शेवटी कमी पडतो, आणि मित्राचा अंत होतो. आमचा पहिल्या वेळचा राग मग बापूच्या दिशेने वळला, आणि तेथून आमच्याकडे.

कारण आमच्या हातून घडले ते असे. १९८५ च्या सुमारास दांडिया बाजारातील आमच्या घराजवळच्या एका मराठी ग्रंथालयात आम्ही पुस्तक-निवडीचे काम पाहत असू. हे नाटक आम्ही ‘प्रौढांसाठी’ म्हणून कुलपाच्या कपाटात ठेवले होते. आमचे धाकटे काका रेल्वेत होते. लग्न केले नव्हते. रोज संध्याकाळी सुरसागराच्या कठड्यावर एका गुजराती स्नेह्याबरोबर बसत. वाड्यात त्यावरून जे बोलले जाई ते आम्ही ऐकत असू, आणि ऐकले नाही असे दाखवीत असू. एके दिवशी काका ग्रंथालयात आले आणि सहज म्हणाले, “तेंडुलकरांचे ते मित्राचे नाटक आहे का रे आपल्याकडे?”

“बाहेर गेले आहे, काका,” आम्ही म्हणालो. किल्ली आमच्या खिशात होती.

याच बडोद्यात त्या काळी भूपेन खख्खर राहत होते. व्यवसायाने हिशेबनीस, मनाने चित्रकार, शिवाय गुजराती कथाकार. ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे त्यांचे चित्रही १९८१ चेच. बाप, मुलगा आणि गाढव यांची ती आपल्या सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट रस्त्यावर घडते आहे आणि सज्जात एक विवस्त्र पुरुष उभा राहून ती पाहतो आहे. आता ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. आमच्याच गावातील हे चित्र आम्ही छापील स्वरूपात पाहिले, तेही फार उशिरा.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्ये आली, तोवर काका गेले होते. तनय आणि अनुजा ही भावंडे, घरी राहायला आलेल्या एकाच तरुणावर दोघांचे प्रेम. या कादंबरीत आम्हांला सर्वांत ओळखीचे वाटले ते घर. सगळे समोर घडत असताना काहीही न विचारणारे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ च्या कक्षेतून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले, तेव्हा सुरसागराचा कठडा डोळ्यांसमोर आला.

मध्यंतरी ग्रंथालयाची जुनी दप्तरे लावण्याचे काम निघाले. त्यात १९९१ ची देवघेव-वही सापडली. कपाटाचे कुलूप तोवर मंडळाने काढून टाकले होते. ‘मित्राची गोष्ट’ काकांच्या सभासद क्रमांकावर गेल्याची नोंद त्यात आहे. पुस्तक चार महिन्यांनी परत आले. विलंब-आकार पूर्ण भरलेला. परतीच्या रकान्यातील सही आमची आहे. ते पुस्तक आम्ही काकांच्या हातून घेतले असणार. तो प्रसंग काही केल्या आठवत नाही.