पालघर : एका ठाण्याच्या गावाची घडण

मराठी मुलखातील बहुतेक जिल्ह्यांची मुख्य गावे मुळातच मोठी होती आणि जिल्ह्याची कचेरी त्यांच्याकडे चालत आली. सातारा, नगर, कोल्हापूर ही गावे इंग्रजी अमलापूर्वीच राजसत्तेची स्थाने होती. कलेक्टराने तेथे केवळ जुन्या आसनावर नवी गादी घातली. पालघरचे तसे नाही. ज्या गावाला आपला किल्ला नाही, बंदर नाही आणि जुन्या दरबाराची आठवण नाही, ते प्रथम तालुक्याचे व पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी महाराष्ट्राच्या छत्तिसाव्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. हे कसे घडले याचा शोध घेऊ लागले म्हणजे त्या परिसरातील स्थलनामेच इतिहासाची कागदपत्रे होऊन बोलू लागतात.

प्रथम या प्रदेशाची रचना ध्यानी घेतली पाहिजे. पश्चिमेस समुद्र, त्याच्या काठाने केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, मुरबे, तारापूर, चिंचणी अशी गावांची माळ. मधे भाताच्या खाचरांची सखल पट्टी. आणि पूर्वेस विक्रमगड, जव्हार, मोखाड्यापर्यंत चढत गेलेला डोंगराळ, वनव्याप्त भाग. इतिहास प्रथम घडला तो किनाऱ्यावर. चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी शके ८४८ (इ. स. ९२६) च्या राष्ट्रकूटकालीन दानपत्रात संजाणच्या मंडलावर नेमलेल्या एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचे नाव 'मधुमती' असे आले आहे. हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप होय, असे दिनेशचंद्र सरकार यांनी दाखविले. त्याने नदी उतरण्यासाठी विनामूल्य नावा ठेवल्या व अन्नसत्र घातले, असे तो लेख सांगतो. परकीय अधिकाऱ्याचे नाव देशी उच्चारात मुरवून घेण्याची या किनाऱ्याची सवय हजार वर्षांहून जुनी आहे, हे यावरून स्पष्ट होते.

पुढे पोर्तुगीजांच्या अमलात माहीम आणि तारापूर ही किल्ल्यांची गावे झाली. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये, ती दोन्ही मराठ्यांनी घेतली. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर हे मातब्बर सरदार कामी आले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली, तिचा मार्ग या उत्तरेकडील ठाण्यांच्या विजयांनी मोकळा केला होता. तारापूरचा लौकिक केवळ लष्करी नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या हैदराबादेत मोठी सावकारी करणारे विकाजी व पेस्तनजी मेहरजी हे पारशी बंधू तारापूरचेच. माहीमचे नाव तर बखरवाङ्मयातही गाजले. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेल्या 'महिकावतीच्या बखरी'तील महिकावतीचा संबंध मुंबईच्या माहीमशी जसा जोडला जातो तसा केळवे-माहीमशीही जोडला जातो. सारांश, अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत या भागात 'ठाणे' म्हणण्याजोगे जे काही होते ते समुद्राकाठी होते. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही या तालुक्याचे नाव 'माहीम' असेच आहे.

तथापि गॅझेटियर निघण्याच्या आधीच परिस्थितीचा पाया हलला होता. मुंबई, बडोदे आणि मध्य हिंदुस्थान रेल्वेचा मार्ग १८६४ च्या अखेरीस मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. खाड्यांच्या मुखांशी मोठे पूल बांधण्याचे टाळावयाचे तर लोहमार्ग किनाऱ्यापासून आत राहणे सोयीचे होते. त्यामुळे तो माहीम, तारापूर, डहाणू या जुन्या गावांना बाजूस ठेवून मधल्या सखल पट्टीतून गेला. स्थानकांना नावे कशी द्यावयाची, हा प्रश्न यातूनच उद्भवला असला पाहिजे. त्याचे उत्तर आजही फलकांवर वाचावयास मिळते. 'केळवे रोड' आणि 'डहाणू रोड' या नावांतील 'रोड' हा शब्द शोभेचा नव्हे. गाव येथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता येथून निघतो, अशी ती प्रांजळ कबुली आहे. प्रसिद्ध गावाची मान्यता राखून स्थानकाला त्याचे आश्रित ठरविणारी ही नामपद्धती होय.

या पद्धतीने पाहता तालुक्याच्या गावासाठी 'माहीम रोड' असे एखादे स्थानक असावयास हवे होते. ते झाले नाही. माहीमच्या लोकांनी जेथे उतरावयाचे त्या स्थानकाला जवळच्या लहान गावाचेच नाव मिळाले : पालघर. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते, परंतु तिचे परिणाम दूरवर गेले. केळवे रोड केळव्याचे अंकित राहिले. डहाणू रोडलाही डहाणूचेच नाव वागवावे लागले. पालघर मात्र स्वतःच्या नावाने वाढू लागले. केळवे-माहीमच्या पानमळ्यांतील विड्याची पाने, सातपाटीची मासळी, डोंगरपट्टीतील लाकूड आणि गवत हा माल येथे एकत्र येऊन गाडीत चढू लागला. वखारी झाल्या, पेढ्या झाल्या, बाजार भरला. मनोरकडून येणारा डोंगराचा रस्ता आणि माहीमकडून येणारा किनाऱ्याचा रस्ता जेथे मिळतात, तेथे सरकारी कामकाज फार काळ दूर राहत नाही. यथावकाश तालुक्याची कचेरी माहीमहून पालघरला आली आणि तालुक्यानेही आपले जुने नाव टाकून स्थानकाचे नाव घेतले.

बोईसर आणि तारापूर यांच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडले. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी देशातील पहिले अणुविद्युत केंद्र तारापूरच्या नावाने व्यापारी तत्त्वावर सुरू झाले आणि एका जुन्या बंदरगावाचे नाव जगाच्या नकाशावर गेले. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची जी वसाहत उभी राहिली तिचे कारखाने बोईसरच्या आसमंतात, कामगारांची वस्ती बोईसरला, त्यांची गाडी बोईसर स्थानकात. परंतु वसाहतीचे नाव तारापूर. औषधे, रसायने, कापड आणि पोलाद यांच्या व्यवहारात 'तारापूर' हे नाव वागते, आणि त्या व्यवहाराचा भार, गर्दी, धूर, सांडपाणी, बोईसर वाहते. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी, जे अनुक्रमे २००६ आणि २००५ मध्ये कार्यान्वित झाले, पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठविण्यात आली. ज्यांची जागा गेली त्यांचे नाव प्रकल्पाला नाही. ज्याचे नाव आहे ते गाव शेजारी आपल्या पडक्या किल्ल्यासह स्वस्थ आहे. एकाच तालुक्यात पालघरने स्थान आणि नाव दोन्ही मिळविली, तर बोईसरच्या वाट्याला नावावाचून स्थान आणि तारापूरच्या वाट्याला स्थानावाचून नाव आले.

येथे 'ठाणे' या शब्दाकडे वळणे आवश्यक आहे. संस्कृत 'स्थान' या शब्दापासून आलेल्या या मराठी शब्दात केवळ जागेचा अर्थ नाही; अंमल बसविण्याची, लोकांनी येऊन दाद मागण्याची जागा असा त्याचा भाव आहे. ज्या जिल्ह्यातून पालघर वेगळे निघाले त्या जिल्ह्याचे नावच ठाणे होते. कारभाराचा बाकीचा शब्दसंग्रह पाहिला तर 'तालुका', 'तहसील', 'जिल्हा' हे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आले, 'कलेक्टर' इंग्रजीतून, आणि 'मुख्यालय', 'जिल्हाधिकारी' हे स्वातंत्र्योत्तर काळात संस्कृतावरून घडविले गेले. सत्तेचे थर जसे बदलले तसे कचेरीचे शब्द बदलले, परंतु त्यांतील कोणताही थर वारल्याच्या, कातकऱ्याच्या वा मांगेल्याच्या घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेतून आलेला नाही. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात वारली, कातकरी, वाडवळी, सामवेदी इत्यादी बोलींची नोंद मराठीच्या पोटात केलेली आहे. एवढ्या लहान टापूत इतक्या बोली नांदत असताना कचेरीत मात्र त्यांपैकी एकीलाही बसावयास जागा मिळाली नाही.

कचेरी आणि लोक यांची सर्वांत तीव्र गाठ १४ ऑगस्ट १९४२ रोजी पडली. 'छोडो भारत' आंदोलनात किनाऱ्यावरील गावांतून निघालेले लोक मोर्च्याने पालघरच्या कचेरीकडे आले. गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्यांपैकी एक पालघरचा. इतर चौघे सातपाटी, मुरबे, नांदगाव आणि सालवड या गावांचे. ही गावांची नावे वाचली म्हणजे ठाण्याच्या गावाचा खरा अर्थ उमगतो. पालघर हे त्या दिवशी पालघरकरांचेच गाव नव्हते. ज्यांना तेथे आपला हक्क सांगावयाचा होता त्या सर्वांचे होते. सत्तेने जे स्थानक आपल्या सोयीसाठी निवडले होते ते लोकांनी स्वतःच्या पायांनी चालत येऊन आपले केले. दरवर्षी १४ ऑगस्टला हुतात्मा स्तंभापाशी जमणारे लोक या घटनेचीच साक्ष देतात.

२०१४ च्या जिल्हाविभाजनाने हा प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा उभा केला. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर, म्हणजे देशात सर्वाधिक होती. एका कलेक्टराच्या हातून मुंबईची उपनगरे आणि मोखाड्याचे पाडे सारख्याच लक्षाने सांभाळले जाणे अशक्य होते, हे विभाजनाचे प्रमुख कारण. नव्या जिल्ह्यात पालघर, वसई, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा हे आठ तालुके आले. त्याच जनगणनेनुसार या प्रदेशाची लोकसंख्या सुमारे २९.९ लाख, तीत आदिवासींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के, आणि जवळजवळ ४५ टक्के वस्ती एकट्या वसई तालुक्यात. मुख्य ठिकाण जव्हार असावे अशी मागणी झाली होती, ती निराधार नव्हती. जव्हार ही १९४८ पर्यंत मुकणे घराण्याची संस्थानी राजधानी. डोंगरातील लोकांची वहिवाट तिच्याकडे होती. परंतु जव्हारला रेल्वे नाही. १८६४ च्या लोहमार्गाने जो कौल दिला होता तोच दीडशे वर्षांनी पुन्हा खरा ठरला.

सिडकोने कोळगाव परिसरात उभारलेल्या जिल्हा मुख्यालयाचे उद्घाटन ऑगस्ट २०२१ मध्ये झाले. पालघर–बोईसर रस्त्यावरील ही प्रशस्त इमारत जुन्या गावापासून आणि स्थानकापासून अंतरावर आहे. म्हणजे कचेरी पुन्हा एकदा आपल्या गावापासून सरकली. माहीमहून पालघरला येताना ती लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आली होती. या वेळच्या सरकण्याची कसोटीही तीच राहील. १६ एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत धावू लागलेल्या उपनगरी गाडीने वसई-विरारच्या माणसाला पालघर जवळ केले. मोखाड्याच्या माणसाला मात्र अद्याप जव्हार, विक्रमगड, मनोर असा रस्ता तुडवून यावे लागते, आणि आल्यावर आपले म्हणणे दुसऱ्याच्या मराठीत सांगावे लागते.

पालघरचे वैशिष्ट्य म्हणून त्याच्या प्राचीनतेचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. तो मान माहीमचा आणि तारापूरचा. लोक जेथे उतरतात तेथे ठाणे बसते, हा नियम या गावाच्या इतिहासाने सिद्ध केला, आणि यातच त्याचे खरे वैशिष्ट्य आहे. या नियमाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे : ज्या ठाण्यापर्यंत लोक पोहोचू शकत नाहीत, त्याचे नाव तेवढे मागे राहते. पालघरपासून दोन-तीन कोसांवर असलेल्या माहीमच्या किल्ल्याला ही गोष्ट पूर्वीच कळली आहे.