तेरचे संग्रहालय : मातीपाशी राहिलेला इतिहास

मराठवाड्यातील तेर हे गाव नकाशावर सहजासहजी डोळ्यांत भरत नाही. धाराशिवच्या ईशान्येला, तेरणा नदीच्या काठी ते वसले आहे. आजूबाजूला काळी जमीन, ज्वारी-तुरीची शेते, मधूनच उसाचा पट्टा आणि उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओढे. बाहेरून येणारे बहुतेक लोक संत गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनाला येतात आणि माथा टेकून परततात. काही वर्षांपूर्वी मीही त्याच वाटेने गेलो होतो. परंतु समाधीनंतर गावातील दुसऱ्या एका वास्तूत शिरलो आणि तेथेच दुपार सरली. ती वास्तू म्हणजे कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय.

या संग्रहालयाचे मोल ओळखायचे तर प्रथम दोन सहस्र वर्षे मागे जावे लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या सागरी व्यापाराची एक माहितीपुस्तिका लिहिली. ती 'पेरिप्लस' या नावाने ओळखली जाते. दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठांचा तीत उल्लेख आहे. पहिली पैठण, दुसरी तगर. पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असून तेथून साधे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जाते, असे तो लिहितो. हे तगर कोठले, यावर विद्वानांत दीर्घकाळ वाद होता. कोणी जुन्नर म्हणे, कोणी देवगिरी, कोणी धारूर. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, असे साधार मांडले आणि ते मत पुढे सर्वमान्य झाले. तेर पैठणच्या थेट पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, हे खरे. परंतु परमुलखातील व्यापाऱ्याने ऐकीव माहितीवर सांगितलेल्या दिशेत एवढी तफावत क्षम्य मानावी लागेल.

आपणा उत्तर कोकणातील वाचकांना तगर हे नाव अगदीच परके वाटू नये. ठाण्याहून राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. सोपारा आणि कल्याण ही त्यांच्या सत्तेखालची नगरे. किनाऱ्यावर राज्य करीत असतानाही त्यांनी मिरविले ते घाटापलीकडच्या या दूरच्या नगराचे नाव! 'पेरिप्लस'च्या कर्त्यानेही सोपारा, कल्याण आणि तगर यांची नोंद एकाच ग्रंथात केली आहे. आज एस. टी.चा लांबचा पल्ला वाटणारे हे अंतर त्या काळी बैलगाड्यांनी जोडलेले होते.

आता संग्रहालयाकडे वळू. मराठवाड्यात गावाच्या जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरांची माती, राख आणि खापरे साचून ती बनलेली असते. ही माती धाब्याच्या घरांवर घालायला उत्तम आणि शेताला खत म्हणूनही गुणकारी. त्यामुळे लोक ती खणून नेत. पावसाळ्यात टेकाडाचे कडे धुपत आणि मण्यांपासून मूर्तींपर्यंत कितीतरी वस्तू उघड्या पडत. बहुतेक गावांत अशा वस्तूंचे काय होते, ते आपण जाणतोच. मुले त्यांच्याशी खेळतात, फुटले की फेकतात. उरलेसुरले एखादा फिरता दलाल घेऊन जातो. तेरमध्ये मात्र रामलिंगप्पा लामतुरे नावाचा एक व्यापारी होता. तो पुरातत्त्वाचा पदवीधर नव्हता. परंतु या फुटक्यातुटक्या वस्तूंना मोल आहे, हे त्याला उमगले आणि त्याने त्या जमविण्यात आयुष्य वेचले. पुढे हा संग्रह शासनाकडे आला आणि गावातच राहिला.

आडगावी उभ्या राहिलेल्या संग्रहालयांमागे बहुधा एखाद्या संस्थानिकाची रसिकता असते. सातारा जिल्ह्यातील औंधचे श्रीभवानी संग्रहालय हे त्याचे उत्तम उदाहरण. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये ते उभारले आणि दुष्काळी माणदेशाच्या सीमेवर जगभरची कला आणून ठेवली. हेन्री मूर या विख्यात ब्रिटिश शिल्पकाराची एक मातृमूर्तीही तेथे आहे. औंधच्या राजाने जग गावात आणले. तेरच्या व्यापाऱ्याने गावाबाहेर काहीच जाऊ दिले नाही. त्याच्या गावाच्या मातीतच जग पुरलेले होते.

हे अतिशयोक्त वाटेल, म्हणून थोडा तपशील देतो. या संग्रहात रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदके आहेत. एका बाजूस सम्राटाचे मुख, वर दोरा ओवण्यासाठी भोक. समुद्रापारच्या राजाचा मुखवटा तगरची माणसे गळ्यात दागिना म्हणून घालत असली पाहिजेत. दोन साच्यांत घडवून जोडलेल्या पोकळ मृण्मूर्ती आहेत. पांढऱ्या मऊ मातीच्या त्या स्त्रियांची केशरचना आणि दागिने इतके बारकाईने कोरले आहेत की, पाहणाऱ्याने श्वास रोखावा. आणि सर्वांत मोलाची म्हणजे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती. इटलीतील पॉम्पेई हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तेरच्या मूर्तीचे तिच्याशी असलेले साम्य पाहून अभ्यासक चकित झाले. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही तशाच घडणीची एक मूर्ती मिळाली. पॉम्पेईची ती सुंदरी आपल्या दख्खनच्याच एखाद्या कारागिराच्या हातची असावी, असे काही अभ्यासकांना वाटते ते यामुळेच.

तगरची कीर्ती कापडाची. परंतु संग्रहालयात त्या मलमलीचा एक धागाही नाही. कापड कुजले, माती टिकली. जे सर्वांत मौल्यवान म्हणून परदेशी गेले ते नाहीसे झाले आणि जे स्वस्त म्हणून घरी राहिले त्यानेच नगराची साक्ष दिली. योगायोग असा की, या गावाचा संतही कुंभार. तेराव्या-चौदाव्या शतकातील गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा महाराष्ट्रातील शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. समाधीकडून संग्रहालयाकडे येताना ती कथा मनात घोळत होती. काचेआडची ती मडकी, दिवे आणि मूर्ती काळाच्या थापटण्याखाली पक्क्या ठरल्या होत्या.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. लामतुऱ्यांनी वस्तू वाचविल्या, परंतु त्या कोणत्या थरात, कशाशेजारी होत्या ही माहिती वाचणे शक्य नव्हते. पुरातत्त्वात वस्तूइतकेच तिच्या जागेला महत्त्व असते. थर हरवला की तिचे वय अनुमानाने ठरवावे लागते. ही उणीव उत्खननांनी पुष्कळशी भरून काढली. १९५८ मध्ये चापेकरांनी येथे उत्खनन केले. पुढच्या दशकातील उत्खननात विटांचा एक स्तूप उजेडात आला. गावातील त्रिविक्रमाचे मंदिरही पाहण्याजोगे आहे. मागची बाजू अर्धगोल, वर गजपृष्ठाकार छत असलेली ती विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्य होती की प्रथमपासून मंदिरच, यावर मतभेद आहेत. वाद काही असो, शतकानुशतके तिथे दिवा लागत आला म्हणूनच ती वीट न्‌ वीट शाबूत राहिली.

परतीच्या वाटेवर सोपाऱ्याची आठवण होणे अटळ होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्यातील अवशेषपात्रे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेली. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मुंबईच्याच वस्तुसंग्रहालयात आहे. तेथे या वस्तू सुरक्षित आहेत, अभ्यासकांना उपलब्ध आहेत, याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. पण सोपाऱ्यातील मुलाला आपल्या गावचा स्तूप दिसतो तो रिकामा. त्याच्या पोटात काय होते हे पाहायचे तर त्याला लोकल धरून मुंबई गाठावी लागते. तेरच्या मुलाचे तसे नाही. मी संग्रहालयात असताना शाळेच्या गणवेशातील दोन मुले आली. काचेवर नाक टेकवून त्यातील धाकटा म्हणाला, "अरं, असलं खापर आमच्या शेतात बी हाय!" मोठ्याने त्याला गप्प केले. मला मात्र वाटले, ज्या एका वाक्यासाठी संग्रहालये असतात, ते हेच.

वसईच्या घराघरांतून आजही पितळी हंडे, शिसवी पेट्या, आजीचे लुगडे आणि बैलगाडीचे जू अडगळीत पडलेले असते. जुने घर पाडताना ते भंगारवाल्याच्या तराजूत जाते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तगरमध्येही फुटके मडके फेकणाऱ्याला ते इतिहास आहे असे वाटले नव्हते. तेथे निदान पांढरीच्या मातीने ते सांभाळून ठेवले आणि ते पारखणारा एक माणूस गावाला लाभला. भंगारवाल्याच्या तराजूखाली मात्र माती नसते. म्हणून घर पाडण्यापूर्वी अडगळ एकदा उजेडात आणून पाहावी आणि त्यातील प्रत्येक वस्तू कोणाची, कशासाठी वापरली, हे घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारून एका वहीत लिहून ठेवावे. वस्तूचा थर हरवू नये यासाठी आपल्या हाती असलेला हा सर्वांत सोपा उपाय आहे.