खेळण्यातल्या जुन्या प्लॅस्टिकच्या घरातून धुळघाटचं स्टेशन कसं उभं राहतं?

बुलडाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्याहून उत्तरेला पाहिलं की सातपुडा दिसतो. याच डोंगरांतून अकोला-खंडवा मीटरगेज गाडी जायची. हिवरखेड, वान रोड, धुळघाट असं करत ती मेळघाटच्या जंगलात शिरायची. धुळघाटजवळ चढ काढण्यासाठी रूळ गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून पुढे जायचा. लोक त्याला 'चारचा आकडा' म्हणायचे.

गेज बदलण्यासाठी २०१७ मध्ये ही लाइन बंद झाली. अकोट-अकोला ब्रॉडगेज २०२२ ला सुरूही झालं. पण पुढचा मार्ग व्याघ्र प्रकल्पातून जात होता, म्हणून नवी आखणी जंगलाला वळसा घालून सोनाळा, जामोद, खकनारकडून केली गेली. म्हणजे सोनाळ्याला रेल्वे मिळणार आणि धुळघाटला ती परत दिसणार नाही.

दिसलीच तर मॉडेलमध्ये. आणि खरा प्रश्न इथेच सुरू होतो.

पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. १९९८ पासून लोक तिथे छोट्या गाड्या धावताना बघायला जातात. ते बघून घरी येणाऱ्या अनेकांना आपणही काहीतरी करावं असं वाटतं. मग इमारतींच्या किटच्या किमती दिसतात आणि उत्साह मावळतो. त्यात बहुतेक किट जर्मन किंवा अमेरिकन. फालर ही जर्मन कंपनी १९४६ पासूनची, अमेरिकेतल्या बॅखमनची 'प्लॅस्टिकव्हिल' घरंही त्याच दशकातली. सगळी सुंदर, पण त्यातलं एकही घर वऱ्हाडातलं वाटत नाही.

यावर जगभरचे छंदिष्ट वापरतात तो उपाय म्हणजे जुनी, मोडकी, कुणीतरी टाकून दिलेली प्लॅस्टिकची घरं घ्यायची, कापायची आणि दुसरंच काही उभं करायचं. याला ते 'किटबॅशिंग' म्हणतात.

आधी दार मोजा

घर सुंदर आहे की नाही ते नंतर. आधी त्याचं दार मोजा. खरं दार साधारण २.१ मीटर, म्हणजे सात फूट. सगळ्यात जास्त चालणाऱ्या एचओ मापात (१:८७) ते २४ मिलिमीटर होतं. १:४८ च्या जुन्या खेळण्यात ४४ आणि एन मापात (१:१६०) जेमतेम १३.

माप जुळलं नाही म्हणून घर फेकू नका. एन मापाचं घर लेआउटच्या मागच्या टोकाला ठेवलं की ते दूरच्या गावासारखं दिसतं. १:४८ च्या घराचं दार बुजवलं आणि मोठ्या खिडक्यांत आडव्या पट्ट्या लावल्या की त्याचं जिनिंगचं गोदाम होतं. खामगाव-अकोटच्या बाजूला वाढलेल्या कुणालाही ते लगेच ओळखू येईल. फार मोठ्या घराच्या फक्त भिंती वापरायच्या, बाकीचं छप्परासाठी.

मूळ स्टेशनचं माप कसं काढायचं? धुळघाटला टेप घेऊन जाण्याचा बेत करू नका, तो व्याघ्र प्रकल्प आहे. जुने फोटो पुरतात. फोटोत दार दिसत असेल तर तेच तुमची पट्टी. विटांची भिंत असेल तर थर मोजा. जुन्या नऊ इंची विटेचा एक थर गिलाव्याच्या सांध्यासकट साधारण साडेसात सेंटीमीटर, म्हणजे चाळीस थरांची भिंत तीन मीटरची. आजोबांच्या अल्बममध्ये प्लॅटफॉर्मवरचा एखादा फोटो असेल तर आत्ताच स्कॅन करून ठेवा.

प्लॅस्टिक कोणतं आहे?

बहुतेकांचं काम इथे फसतं. किटची घरं पॉलिस्टायरीनची असतात. त्याला खास द्रव सिमेंट लावलं की दोन्ही कडा वितळून एक होतात. ते चिकटवणं नव्हे, वेल्डिंगच. पण घरातल्या डब्यांची आणि झाकणांची जात वेगळी, पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिइथिलीन. त्यांवर हे सिमेंट काहीच करत नाही.

ओळखायचं कसं? तळाच्या त्रिकोणातला आकडा बघा. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. आकडा नसेल तर एक तुकडा पाण्यात टाका. पॉलिस्टायरीन बुडतं, बाकीची दोन तरंगतात. जाळून वास घेण्याची जुनी पद्धत मात्र विसरा. तुकडा पीव्हीसीचा निघाला तर धुरातून ॲसिडची वाफ नाकात जाते.

तरंगणारं प्लॅस्टिकही वाया जात नाही. टूथपेस्टचं १३ मिलिमीटरचं झाकण एचओ मापात हजार लिटरच्या काळ्या टाकीएवढं होतं. फक्त ते घासून, खालून बारीक स्क्रू मारून बसवावं लागतं. थर्माकोलचे डोंगर करणार असाल तर आणखी एक सावधगिरी. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. द्रव सिमेंट किंवा स्प्रे पेंट लागला की डोंगराला खड्डे पडतात. तिथे फेविकॉल बरा.

सोडवणं, धुणं, रंगवणं

चिकटलेलं घर ओढून सोडवलं तर भिंत तुटते. ते पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने जुना गोंद ठिसूळ होतो आणि हलक्या हाताने सांधा सुटतो (घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं). वितळून एकजीव झालेला सांधा मात्र सुटत नाही, तो करवतीने कापावा लागतो. जुना रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रश. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस नको. नेलपॉलिश रिमूव्हर वापरला तर रंगाबरोबर भिंतही विरघळेल. घासायचं तर ओल्या सँडपेपरने, म्हणजे भुकटी उडत नाही.

आत दिवा लावणार असाल तर भिंतींना आतून काळा रंग द्या, नाहीतर अख्खं स्टेशन कंदिलासारखं चमकतं. बाहेरून आधी राखाडी प्रायमर, मग मॅट रंग. चकचकीत प्लॅस्टिकचं खेळणेपण तिथेच संपतं. शेवटी खडूची पूड ब्रशने लावा. युरोपियन किटवर धुराची काजळी दाखवतात, आपल्याकडे भिंतीचा खालचा हातभर भाग काळ्या मातीच्या धुळीने मळलेला हवा. उतरती कौलं काढून पत्रा टाकला आणि पिवळी पाटी लावली की जर्मनी बऱ्यापैकी पुसली जाते.

एक गोष्ट कापण्याआधीच बघा. बॉक्ससकट पूर्ण असलेलं जुनं किट संग्राहकाला विकून त्या पैशांत चार मोडकी घरं येऊ शकतात. कापलेलं परत जुळत नाही.

आणि चारचा आकडा?

तो घरात मावतो. ६० सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ घेतलं तर रुळाची लांबी ३.७७ मीटर होते. शंभराला दोनचा चढ ठेवला की एका फेरीत रूळ साडेसात सेंटीमीटर वर येतो. मीटरगेजचं डिझेल इंजिन या मापात चार सेंटीमीटरपेक्षा थोडं कमी उंच असतं, त्यामुळे पुलाची जाडी धरूनही ते खालून निघून जातं. रूळ १२ मिलिमीटर गेजचा लागेल, कारण हजार मिलिमीटरला ८७ ने भागलं की साडेअकरा येतात. तो मिळाला नाही तर नेहमीचा १६.५ चालवून घेणारेही आहेत. पुलाचे खांब त्याच कापलेल्या भिंतींच्या उरलेल्या पट्ट्यांतून निघतात, फक्त दोन-तीन थर एकमेकांवर चढवून जाड करावे लागतात.