पऱ्हाटीतली पोर आणि पाच रुपयांचं पाकीट

आजचा भाग सॅनिटरी पॅडच्या इतिहासावर आहे. गाडीत आईबाबा सोबत असतील तर आवाज कमी करू नका, त्यांनाही ऐकू द्या.

मी मोर्शीची. आमच्याकडे संत्री आणि कापूस. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकशायरच्या गिरण्यांना आपला कापूस हवासा झाला. १८६७ मध्ये वऱ्हाड ओलांडून रेल्वे नागपूरला पोचली. कापसाचा इतिहास आम्ही शाळेत पाठ केला. पण माझ्या आजीने, आईने आणि शेतात वेचणीला येणाऱ्या बायकांनी जे वापरलं ते जुन्या लुगड्याचं फडकं. कापूस विकायचा, फडकं वापरायचं.

गंमत म्हणजे दुकानातलं पॅडही मुळात कापसाचं नाही. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला कापूस पुरेना, तेव्हा किंबर्ली-क्लार्क या अमेरिकन कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून एक पर्याय काढला. कापसापेक्षा जास्त ओल शोषणारा आणि स्वस्त. लष्करी इस्पितळातल्या नर्सनी तो पाळीसाठी वापरून पाहिला. युद्ध संपल्यावर कंपनीकडे माल उरला होताच, १९२० मध्ये 'कोटेक्स' बाजारात आलं. पुढे कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी बायकोसाठी स्वस्त पॅड करायला घेतलं तेव्हा आधी कापूसच भरला आणि ते फसलं. कंपन्या पाइनच्या झाडाचा लगदा वापरतात हे कळायला त्यांना बराच काळ लागला.

म्हणजे वस्तू जन्मली ती स्वस्त म्हणून. आपल्याकडे मात्र ती महागच राहिली, आणि सरकारला मध्ये पडावं लागलं.

२०११ मध्ये केंद्राची योजना आली. 'फ्रीडेज' नावाचं पाकीट, सहा पॅड सहा रुपयांना. ते विकायची आशाताई. पाकिटामागे तिला एक रुपया आणि महिन्याला एक पाकीट फुकट. रक्कम बघून हसू येतं, पण योजनेतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. आशा घरी जायची. पोरगी शाळेत जाते की नाही, हे पाकीट विचारत नव्हतं.

मग ८ मार्च २०१८. राज्याची 'अस्मिता' योजना. जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांना, गावातल्या इतर बायकांना आकारानुसार २४ किंवा २९ रुपयांना. विक्री बचत गटांकडे, मागणी मोबाइल ॲपवरून. माझी मावशी मोर्शीपासून जवळच्या एका खेड्यात गटाची सचिव. तिचा फोन बटनांचा, म्हणून दिवाळीत मी गेले की ॲपचं काम माझ्याकडे. इंजिनिअर भाची म्हटल्यावर एवढं तर करावंच लागतं.

त्याच दिवाळीत एक पोरगी आली. पंधराएक वर्षांची, आठवीनंतर शाळा सुटलेली, आईसोबत वेचणीला जाणारी. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: वेचणीचे पैसे किलोवर. आडोशाला जायला उठलं की तेवढं वजन कमी. फडकं बदलायला पऱ्हाटीत जागा नाही, पाणी नाही.

तिने पाच रुपये पुढे केले. मावशी मला म्हणाली, "पाचचं तर शाळेतल्या पोरींसाठी हाये. हिचं नाव कमी झालं न शाळेतून. हिले चोवीसले पडते."

आमच्या कामात याला एज केस म्हणतात. हजारात एखादा माणूस असा येतो ज्याचा विचार प्रोग्राम लिहिताना केलेला नसतो. पण त्या गावात मावशीने बोटांवर मोजल्या तर अशा सात पोरी निघाल्या. सवलत शाळेच्या पटावर बसवली होती, आणि ज्या घरात पैसा सगळ्यात कमी त्या घरची पोर पटावरून आधी जाते.

मावशीने पाकीट दिलं. वहीत स्वतःच्या नावापुढे १९ रुपये मांडले.

बाकीचं भराभर सांगते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पॅडवर १२ टक्के होता, टिकली-बांगड्यांवर शून्य. २१ जुलै २०१८ च्या बैठकीत तो माफ झाला. ऑगस्ट २०१९ पासून जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक पॅड मिळू लागलं. हे खरंच स्वस्त, पण केंद्रं शहरात जास्त.

२८ मे २०२२ ला, मासिक पाळी स्वच्छता दिनी, ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ यांनी जाहीर केलं की दारिद्र्यरेषेखालच्या बायकांना एक रुपयात दहा पॅड मिळतील, १५ ऑगस्टपासून. यात शाळेची अट नव्हती. मी मावशीला फोन करून सांगितलं. २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, सरकार बदललं. बरोबर त्याच १५ ऑगस्टला स्कॉटलंडमध्ये कायदा लागू झाला: ज्याला गरज आहे त्याला पॅड मोफत, आणि ते पुरवायची जबाबदारी पालिका आणि शाळांवर. मंत्री बदलला तरी कायदा जागेवर राहतो.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मावशी अमरावतीला गेली की जनऔषधीतून पिशवीभर पाकिटं आणते आणि घेतल्या भावात देते. तिकिटाचे पैसे ती धरत नाही. त्या पोरीचं लग्न झालंय, पण दिवाळीला माहेरी आली की ती मावशीकडे चक्कर टाकते, जाताना चार पाकिटं नेते.

भेटू पुढच्या भागात.