स्थानपोथी आणि मेंदूतला नकाशा

महानुभावांची ‘स्थानपोथी’ जुन्या गद्याचा नमुना म्हणून वाचली जाते. मला ती वाट सांगणारी पोथी वाटते. चक्रधरस्वामी निघून गेले, मागे आठवणी उरल्या. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्रा’त स्वामींच्या लीळा गोळा केल्या, चौदाव्या शतकातल्या स्थानपोथीला एकच ध्यास, नेमके कुठे? देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगाला स्वामी बसत, कुठे निजत. प्रत्येक जागा दुसरीच्या आधाराने सांगितलेली. आमच्या बुलडाणा जिल्ह्यातली लोणार आणि मेहकर ही गावे स्वामींच्या वाटेवरचीच. पोथीचे संपादन करणारे डॉ. वि. भि. कोलतेही इथले, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे.

जागा अशीच का सांगावी लागते, याचे उत्तर मला उंदरांवरच्या प्रयोगांत सापडले. 1971 मध्ये लंडनला जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांना उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी आढळल्या, की उंदीर ठरावीक जागी आला की ठरावीक पेशी जागी होते. पुढे तोंड कुठल्या दिशेला आहे हे सांगणाऱ्या पेशी मिळाल्या. 2005 मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेत जमिनीवर जणू षट्कोनी जाळे आखणाऱ्या पेशी सापडल्या. ओकीफ आणि मोझर दांपत्याला 2014 चे नोबेल मिळाले. हे जाळे चाल आणि दिशा यांची बेरीज करत पुढे सरकते. पण अंधारात पावले मोजत जाणाऱ्यासारखी त्याची चूक साचत जाते. खुणेची वस्तू दिसली की हिशेब पुन्हा जुळतो.

पूर्वजांना मेंदूशास्त्र ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह इथे होतो. तो फुकटचा अभिमान. पोथीकाराला ठाऊक होती ती वाट, आणि वाटसरू कशाने चुकतो ते.

सध्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असलेले सचिन देशमुख यांनी अमेरिकेत जेम्स निएरिम यांच्यासोबत एक गोष्ट नोंदली. काही पेशी वस्तूपासून ठरावीक अंतरावर, ठरावीक दिशेला जाग्या होतात. आणि वस्तू हलवल्यावरही मोजक्या पेशी ती पूर्वी होती त्या जागी जाग्या होत राहतात. हे वाचताना मला महानुभावांचे रिकामे ओटे दिसले. बसणारा सातशे वर्षांपूर्वी गेला, नमस्कार अजून त्याच जागेला होतो.

ओट्याचा पत्ता मात्र देवळाच्या आधाराने लिहिलेला. देऊळ ढासळले की पोथीतले ‘पूर्वेला’ कशाच्या पूर्वेला, हे कोण सांगणार? लोणारच्या सरोवराकाठची काही देवळे पडायला आली आहेत. पोथी हातात घेऊन ताडायचे ते आत्ताच.